हंगाम सुरू होण्याआधीची नोंद : नाशिक जिल्ह्यात मानवी तस्करी गावातच अडवायची तर

गोदाकाठ (धागाकर्ता)

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच्या काही आठवड्यांत सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या पाड्यांवरून माणसं कामासाठी बाहेर पडतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांना छाटणीपासून काढणीपर्यंत टोळ्या लागतात. पाऊस उघडला की वीटभट्ट्या सुरू होतात. काही कुटुंबं घाट उतरून गुजरातेत जातात. नांदगाव-मालेगावकडून ऊसतोडीचे कोयते (मजुरांच्या जोड्या) निघतात. यातली बहुतेक माणसं स्वखुशीने, पोटासाठी जातात आणि तो त्यांचा हक्क आहे. पण माणसं विकणारा दलालही याच गर्दीत मिसळून काम करतो, कारण या दिवसांत कोण कुठे गेलं हे गावात कोणी विचारत नाही.

२०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावच्या कातकरी वस्तीवरचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. थोडे पैसे आणि एखादं मेंढरू देऊन लहान मुलं नगर जिल्ह्यात मेंढ्या वळायला नेली होती. एका मुलीचा जीव गेल्यावर ते उघडकीला आलं. मुलं वर्षानुवर्षं गावात दिसत नव्हती, तरी कुठल्याच वहीत तसं लिहिलेलं नव्हतं.

कायदा पुरेसा कडक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार शोषणासाठी कोणाला धमकी, फसवणूक, बळजबरी किंवा आमिष दाखवून कामावर घेणं, नेणं, लपवून ठेवणं, दुसऱ्याच्या ताब्यात देणं किंवा स्वतःच्या ताब्यात घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ७ वर्षं. मूल असेल तर किमान १०, एकाहून जास्त मुलं असतील तर किमान १४, आणि वर जन्मठेपेपर्यंत. पीडित व्यक्तीची संमती होती की नव्हती याला महत्त्व नाही, हे कलमातच लिहिलं आहे. त्यामुळे ‘पोरगी स्वतःहून गेली’ एवढं म्हणून फाइल बंद करता येत नाही.

अडचण कायद्याच्या आधीची आहे. ग्राम बाल संरक्षण समिती बहुतेक गावांत कागदावर आहे. १९७६ च्या वेठबिगार कायद्यानुसार जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असायला हव्यात. गाव आणि सरकार यांना जोडणारं एक साधं साधन मला सर्वात मोलाचं वाटतं, ते म्हणजे स्थलांतराची वही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती सुरू करायची असेल तर काय काय लागेल, ते या धाग्यात नीट जमवू. ज्यांना जो भाग पक्का माहीत आहे त्यांनी तो लिहावा.

पाडा_ते_पंचायत

वहीचंच आधी लिहितो.

एका कुटुंबाला एक पान. घरटी ओळ केली की जागा पुरत नाही आणि बायका-मुलांची नावं गळतात. पानावर एवढं हवं: प्रत्येकाचं नाव आणि वय, कामाच्या जागेचा पत्ता (गाव, तालुका, जिल्हा, आणि बाग असेल तर मालक व शिवार, भट्टी असेल तर भट्टीमालक), मुकादमाचं नाव, गाव आणि मोबाईल, गाडीचा नंबर, उचल (कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) किती, कोणाच्या हातात दिली, किती माणसांच्या बदल्यात, निघाल्याची तारीख, परतायची अंदाजे तारीख, सोबत जाणारी मुलं आणि त्यांची शाळा, मागे राहणारी मुलं आणि ती कोणाकडे. आधारचा पूर्ण नंबर लिहू नका. वही हरवली तर नवीनच संकट.

उचलीच्या रकान्यात सगळ्यात जास्त गडबड होते. मुकादमाच्या वहीत आकडा एक आणि मजुराला सांगितलेला दुसरा. म्हणून उचल गावात, दोन साक्षीदारांसमोर द्यायची आणि त्याची चिठ्ठी दोन प्रतींत. मागच्या हंगामाची ‘बाकी’ असेल तर ती वेगळी लिहायची. दरवर्षी वाढत जाणारी बाकी हे वेठबिगारीचं पहिलं लक्षण आहे, आणि दोन-तीन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की ते लगेच दिसतं.

मुकादमाला पाच प्रश्न विचारायचे: कामाची जागा कोणती, मालक कोण, मजुरी रोजावर की अंगावर (ठेक्याने) आणि किती, राहायची सोय काय, मधेच आजारपण आलं तर परत कोण आणून सोडणार. खरा मुकादम उत्तरं देतो, त्याला पुढच्या वर्षीही याच पाड्यावर यायचं असतं. जो ‘आधी गाडीत बसा, जागा नंतर सांगतो’ म्हणतो, त्याच्या गाडीचा नंबर त्याच वेळी पोलीस पाटलांना द्यायचा.

निघून गेल्यावर १५ दिवसांनी एक फोन. फोन मालक किंवा मुकादमाच्या नंबरवर नको, माणसाशी थेट बोलणं हवं. बाजूला कोणी उभं असेल तर मोकळं बोलता येत नाही, म्हणून निघण्याआधी एक खुणेचं वाक्य ठरवून ठेवा. ‘म्हातारीची औषधं संपली का’ असं काहीही चालेल, रोजच्या बोलण्यातलं हवं. ते कानावर आलं की समजायचं, अडकलेत. लागोपाठ दोन वेळा फोन लागला नाही किंवा प्रत्येक वेळी मुकादमच बोलला, तर लेखी कळवायची वेळ आली.

शेवंतीची_वेणी

दादा, वही ठेवायची कोणी हा प्रश्न सुटल्याशिवाय पुढचं सगळं अधांतरी राहील. ग्रामसेवकांकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) दोन-दोन गावं असतात आणि पाड्यावर ते रोज नसतात. अंगणवाडी सेविका रोज असते. महिला व बाल विकास विभागाची स्थलांतर नोंद प्रणाली, जिला सगळे एमटीएस म्हणतात, तिच्यात गरोदर, स्तनदा माता आणि १८ वर्षांखालची मुलं यांची नोंद करायची असतेच. म्हणजे निम्मी माहिती आधीच गोळा होते. फक्त ती आहार आणि लसीकरणासाठी वापरली जाते, संरक्षणाच्या नजरेने कोणी वाचत नाही. तेव्हा सेविकेवर दुसरं ओझं टाकण्याऐवजी पुरुष मजुरांचं आणि उचलीचं पान पोलीस पाटील व रोजगार सेवकाने भरावं, आणि महिन्यातून एकदा दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवून वाचाव्यात.

शाळेचं वेगळं. जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखल्याशिवाय बसता येतं. आई-वडील गेले तरी मूल मागे राहावं म्हणून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृह चालवता येतं. त्याचा प्रस्ताव कुटुंबं निघायच्या आधी गेला पाहिजे. माणसं दसऱ्याला निघणार आणि मंजुरी डिसेंबरात आली, तर मूल तोपर्यंत फडात पोहोचलेलं असतं.

आश्रमशाळांत दिवाळीच्या सुट्टीनंतर न परतणारी मुलं, त्यातही सातवी ते दहावीच्या मुली, यांची यादी शाळा उघडल्यापासून आठवड्याच्या आत मुख्याध्यापकांनी गावच्या समितीला आणि नाशिक किंवा कळवणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला द्यायला हवी. हजेरीपटावर लाल रेघ मारून भागत नाही. त्या रेघेमागे लग्न, भट्टी किंवा शहरातलं घरकाम असतं.

मुक्ताई_सिन्नर

चांगलं चाललंय, पण एक धोका आत्ताच बोलून ठेवते. ही वही पोरींवर नजर ठेवायचं हत्यार होता कामा नये. शिवणकामाच्या नोकरीसाठी नाशिकच्या अंबडला जाणारी १९ वर्षांची मुलगी किंवा आपल्या मनाने लग्न करून गेलेली सज्ञान मुलगी, यांना ‘तस्करी’च्या नावाखाली पकडून आणायचा अधिकार समितीला नाही. एकदा का तसं झालं की बायका वहीत खोटी माहिती देतील किंवा देणारच नाहीत, आणि खरी अडकलेली मुलगीही हातची जाईल.

माझ्या मते ठरावातच तीन अटी घालाव्यात. सज्ञान माणसाची नोंद त्याच्या इच्छेने. नोंद केली नाही म्हणून दाखला, रेशन किंवा कुठलंही काम अडवायचं नाही. वही सरपंचांच्या बैठकीत फिरणार नाही, तिघांनाच बघता येईल, आणि त्यातली एक बाई असेल.

महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. हा विषय आधी तिथे मांडा. कोणता एजंट कोणत्या घरी येऊन गेला, हे ग्रामसभेत कोणी उघड सांगत नाही. तिथे सांगतात.

लग्नाच्या नावाखाली होणारी विक्रीही महिला सभेतच कळते. खुणा ठरलेल्या आहेत: मुलगा परजिल्ह्यातला किंवा परराज्यातला, लग्नाचा खर्च त्यांचाच आणि वर मुलीच्या बापाला रक्कम, मध्यस्थाला दोन्हीकडून पैसे, लग्न गावात न करता देवस्थानावर किंवा तिकडे, आणि घाई एवढी की मुलाचं घर कोणी पाहिलेलं नाही. अशा वेळी मुलाच्या गावच्या सरपंचांशी किंवा पोलीस ठाण्याशी बोलून घराची खात्री करायला एक दिवस पुरतो.

कलम_एकवीस

मुक्ताई, तुमच्या तिन्ही अटींना +१. लग्नाबाबत कायद्याचं जोडतो. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ च्या कलम १२ प्रमाणे १८ खालच्या मुलीला फूस लावून नेलं असेल, लग्नासाठी विकलं असेल किंवा लग्न लावून पुढे विकलं असेल, तर ते लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात. कलम १३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून लग्नाआधीच मनाईहुकूम आणता येतो. मनाईहुकूम मोडून लावलेलं लग्नही रद्दबातल.

आता वेठबिगारी. या जिल्ह्यात तस्करीचा सर्वात मोठा भाग बहुधा हाच असावा, आणि नेमकी इथेच कागदपत्रं चुकतात.

अर्ज कोणीही करू शकतं. काम जिथे चालू आहे तिथल्या प्रांताधिकाऱ्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यायचा, प्रत आपल्या जिल्हाधिकाऱ्यांना. ठिकाण शक्य तितकं अचूक हवं. ‘संगमनेरजवळ कुठेतरी’ एवढ्यावर पथक निघत नाही. म्हणून तर वहीतला पत्त्याचा रकाना.

चौकशीत मजुराचा जबाब मालकापासून लांब, त्याच्या भाषेत घ्यायला लागतो. कोकणा किंवा कातकरी माणूस अधिकाऱ्यापुढे मराठीत ‘हो, हो’ म्हणत राहतो आणि जबाब उलटाच लिहिला जातो. विचारायच्या गोष्टी: उचल किती घेतली, फेडली किती, मजुरी हातात पडते का, आठवडे बाजाराला एकट्याला जाऊ देतात का, दुसरीकडे काम धरायची मुभा आहे का, मोबाईल कोणाच्या ताब्यात, मुलं काय करतात. साखळी-कुलूप शोधत बसू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणं ही सक्तीची मजुरी मानली, आणि १९८३ मध्ये सांगितलं की सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटीच आहे असं धरून चालावं. कर्ज उचलीचं नव्हतं हे सिद्ध करायचा भार वेठबिगार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सावकारावर असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अहवालात ‘मजूर व मालक यांच्यात हिशोबाचा वाद’ असं लिहिलं जाणं. तसं लिहिलं की मुक्ती प्रमाणपत्र (वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला) निघत नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय पुनर्वसनाचा एक पैसाही नाही. दुसरी चूक, प्रमाणपत्र फक्त कुटुंबप्रमुखाच्या नावाने काढणं. राबणाऱ्या प्रत्येकाला, बाईला आणि मुलालाही, स्वतंत्र प्रमाणपत्र हवं.

केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत. पुढे पुरुषाला १ लाख, महिला आणि मुलांना २ लाख, आणि लैंगिक शोषण किंवा तस्करीसारख्या गंभीर प्रकारात ३ लाख. तातडीच्या मदतीसाठी प्रत्येक जिल्ह्याने किमान १० लाखांचा कायमस्वरूपी निधी ठेवायचा असतो, त्यामुळे ‘वरून पैसे आले नाहीत’ हे उत्तर तातडीच्या रकमेला लागू होत नाही. उरलेली मोठी रक्कम मात्र खटल्याशी जोडलेली आहे आणि तिथे कुटुंबं वर्षानुवर्षं थांबतात. वेठबिगार कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकारी संक्षिप्त पद्धतीने खटला चालवू शकतात. त्यासाठी पाठपुरावा कोणी करायचा, हे दक्षता समितीच्या इतिवृत्तात नावासकट लिहून घ्या.

गुन्हा नोंदवताना फक्त १९७६ चा कायदा लावू नका, त्यात शिक्षा ३ वर्षांपर्यंतच आहे. न्याय संहितेचं १४३, मजूर आदिवासी असतील आणि राबवून घेणारा त्या समाजाबाहेरचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१)(ज) म्हणजे बिगारीचं कलम, आणि मुलं असतील तर बाल न्याय कायद्याचं ७९, हे सोबत हवं.

बागायत_निफाड

आम्हा द्राक्षवाल्यांनी काय करावं? टोळीशिवाय बाग उभी राहत नाही आणि मुकादमाशिवाय टोळी येत नाही. मुकादमाने कोणाला कसं आणलं हे आम्हाला खरंच ठाऊक नसतं.

पाडा_ते_पंचायत

प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण बागायतदार सोबत आला तर वहीचं दुसरं टोक सापडतं. टोळी उतरली त्या दिवशी प्रत्येकाचं नाव, गाव आणि वय स्वतः विचारून लिहा, मुकादमाकडून नाही. १४ खालच्या मुलाला बागेत कामाला लावायचं नाही. १४ ते १८ मधल्यांना औषध फवारणीच्या जवळही नको. जीएच्या (मणी वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या) द्रावणात घड बुडवायलासुद्धा लहान मुलं लावू नका, हात पोहोचतो म्हणून लावतात. मजुरी एकरावर ठरली असली तरी प्रत्येकाच्या वाट्याला किती आली ते लिहा आणि बायकांचे पैसे त्यांच्या हातात किंवा त्यांच्या खात्यात द्या. उचल मुकादमाला एकरकमी दिली तर त्याने प्रत्येक मजुराला किती दिली त्याची यादी मागा. आणि कोणी मधेच जायचं म्हटलं तर जाऊ द्या. उचल फिटली नाही म्हणून माणसाला थांबवून ठेवणं, त्याचं आधार कार्ड किंवा मोबाईल ठेवून घेणं हाच गुन्हा आहे. पैसे बुडाले तर दिवाणी मार्गाने बघावं.

गावच्या समितीचा फोन आला तर मजुराला मोकळं बोलू द्या, एवढं जरी झालं तरी खूप.

लोहमार्ग

रेल्वेचा भाग मी लिहितो. मनमाड, नाशिक रोड आणि इगतपुरी ही तीन स्थानकं महत्त्वाची. उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या मनमाडला थांबतात आणि तिथून पुण्याकडे फाटा फुटतो. रेल्वे सुरक्षा दलाची ‘ऑपरेशन आहट’ ही मोहीम तस्करीसाठीच आहे. प्रवाशाने १३९ (रेल्वे) किंवा १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) ला फोन करताना गाडीचा नंबर, डबा, आसन आणि पुढचं स्थानक एवढं सांगितलं तर पथक दारात उभं राहू शकतं. ‘मुलं संशयास्पद वाटतात’ एवढंच सांगितलं तर २२ डबे शोधण्यात थांब्याची वेळ संपते.

पण ३० मे २०२३ ची घटना विसरू नये. दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून बिहारची ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली गेली, पाच जणांवर तस्करीचा गुन्हा दाखल झाला, मुलं नाशिक आणि जळगावच्या बालगृहांत १२ दिवस राहिली. ती सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती. मार्च २०२४ मध्ये पोलिसांनी गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचं सांगून प्रकरण बंद केलं. मधल्या काळात मुलांसोबतचे शिक्षक तुरुंगात जाऊन आले आणि मुलांच्या मनावर जो परिणाम व्हायचा तो झाला.

यातून दोन्ही बाजूंना काम लागतं. मुलांचा गट घेऊन जाणाऱ्याने, मग आश्रमशाळेची सहल असो, खेळाडूंचा संघ असो वा मदरसा, प्रत्येक मुलाच्या पालकाचं सहीचं पत्र आणि फोन, संस्थेचं पत्र, मुलांची यादी आणि निघण्याच्या गावच्या सरपंचांचा दाखला जवळ ठेवावा. आणि उतरवून घेणाऱ्यांनी गुन्हा नोंदवण्याआधी पालकांना फोन करावेत, मुलांशी त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस आणावा, तिकडच्या बाल कल्याण समितीकडून घरची खात्री करून घ्यावी. मुलांना सुरक्षित ठेवणं तातडीचं असतं, तस्कर ठरवणं नाही. धर्म, पेहराव किंवा भाषा ही तस्करीची खूण नव्हे. खुणा वेगळ्या: मुलांना सोबतच्या माणसाचं पूर्ण नाव माहीत नसणं, कुठे जायचं ते माहीत नसणं, सगळ्यांची पाठ केलेली एकसारखी उत्तरं, तिकिटं आणि फोन एकाच्याच हातात.

शेवंतीची_वेणी

मूल सापडल्यावर पुढचं थोडक्यात. १०९८ ला फोन. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मूल बाल कल्याण समितीपुढे उभं राहिलं पाहिजे. ही समिती अध्यक्ष आणि चार सदस्यांची असते. वयाचा वाद झाला तर बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडतो आणि १७ ची मुलगी १९ ची ठरते. म्हणून गावाने मुलांचे जन्मदाखले वेळेत काढून ठेवणं हाही तस्करी अडवण्याचाच भाग आहे. कातकरी वस्त्यांवर दाखल्यांची अडचण जास्त. पीएम-जनमन या आदिम जमातींसाठीच्या केंद्राच्या योजनेच्या शिबिरांत आधार आणि जातीच्या दाखल्यांबरोबर जन्मनोंदही मागून घ्या.

मुलाला घरी पाठवण्याआधी घराची चौकशी होते. पालकांनीच उचल घेऊन पाठवलं असेल तर लगेच ताब्यात देणं म्हणजे महिन्याभरात तेच मूल पुन्हा त्याच रस्त्याला. इथे गावच्या समितीचं पत्र कामाला येतं: घरात किती माणसं, कर्ज किती, रेशन सुरू आहे का, मूल शाळेत घातलं तर कोण लक्ष ठेवणार. आणि सोबत त्या कुटुंबाची कामाची लेखी मागणी रोजगार हमीत त्याच आठवड्यात नोंदवा, तारखेची पोच घ्या. काम १५ दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता मागता येतो, पण पोच नसेल तर मागणी केलीच नाही असं होतं.

सुटका झालेल्या मुलांचे फोटो गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. चेहरा झाकला तरी शाळा, पाडा, आई-वडिलांची नावं यावरून ओळख पटते. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कलम_एकवीस

देहविक्रीतून सुटका झालेल्या सज्ञान बायकांबाबत एक वाक्य: सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२२ च्या आदेशाप्रमाणे स्वेच्छेने या व्यवसायात असलेल्या सज्ञान स्त्रीला अटक, दंड किंवा छळ करायचा नाही. पिटा (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा) खालच्या छाप्यात झडतीला परिसरातले दोन प्रतिष्ठित नागरिक साक्षीला लागतात आणि त्यात एक तरी स्त्री हवी. गावच्या महिलांना या कामात प्रत्यक्ष जागा आहे ती इथे. नुकसानभरपाई आणि मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. तो सुटकेनंतर लगेच द्या, खटला संपायची वाट बघू नका.

तपोवन

सिंहस्थाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२७ मध्ये. त्याआधीपासून रस्ते, घाट, साधुग्रामची कामं आणि त्यावर परप्रांतातले मजूर. पोटकंत्राटदाराचा पोटकंत्राटदार अशी उतरंड असली की सर्वात खालच्या मजुराचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं. निविदेतच अट घालायला लावा: कामाच्या जागी मजुरांची नावनिशी यादी, मजुरी खात्यात, पाळणाघर, आणि १०९८ व ११२ चा फलक मराठी व हिंदीत.

पर्वणीच्या गर्दीत हरवलेलं मूल ‘मी काका आहे’ म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नये. सापडलेल्या मुलाचं केंद्र पोलिसांचं असो की स्वयंसेवकांचं, नियम एकच हवा: मुलाने ओळखलं पाहिजे, ओळखपत्राची नोंद, फोनवर दुसऱ्या नातेवाइकाकडून खात्री, आणि शंका आली की थेट बाल कल्याण समिती. रामकुंडावर कडेवर गुंगीतलं मूल घेऊन भीक मागताना कोणी दिसलं तर पैसे न देता १०९८ ला जागा सांगा. भिकेसाठी मूल पळवणं न्याय संहितेच्या कलम १३९ खाली येतं.

गोदाकाठ

तपोवन, फार मोलाचं. एका पोलीस पाटलांनी व्यक्तिगत निरोपात एक शंका विचारली होती, ती इथेच मांडतो. परदेशातल्या नोकरीचे एजंट आता तालुक्याच्या गावीही येतात. त्यांचं काय?

कलम_एकवीस

ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर एजंटचा परवाना तपासा. परवानाधारक एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ‘डेटा एंट्री’ म्हणून बँकॉकला पर्यटक व्हिसावर नेऊन तिथून म्यानमार किंवा कंबोडियाच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडलेले भारतीय तरुण सरकारने सोडवून आणले आहेत. पर्यटक व्हिसावर नोकरी सांगितली की तिथेच थांबायचं.

मुक्ताई_सिन्नर

शेवटची विचारणा. मुलगी पेठची, नेली वलसाडला, मुकादम दिंडोरीचा. गुन्हा कुठे? तीन ठाण्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं की दिवस जातात.

कलम_एकवीस

जवळच्या कुठल्याही ठाण्यात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवून घ्यावाच लागतो आणि मग तो योग्य ठाण्याकडे जातो. नाशिकला शहर आयुक्तालय, ग्रामीण पोलीस आणि लोहमार्ग पोलीस वेगवेगळे आहेत, म्हणून हे सांगणं जरुरीचं. मुलगी १८ खालची असेल तर ‘बेपत्ता’ म्हणून नुसती नोंद नको, अपहरणाचा गुन्हाच हवा. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून हे ठरलेलं आहे. चार महिन्यांत शोध लागला नाही तर तपास मानवी तस्करी विरोधी कक्षाकडे द्यायचा असतो, ती तारीख वहीत आधीच लिहून ठेवा.

ठाण्याने नकार दिला तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. तक्रारीत मुलीचं नाव-वय, शेवटचं कधी कोणासोबत पाहिलं, गाडीचा नंबर, मुकादमाचे मोबाईल आणि उचलीची चिठ्ठी जोडा. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

गोदाकाठ

वरच्या सगळ्यावरून ठरावाचा मसुदा करतो आणि उद्या इथेच टाकतो. २ ऑक्टोबरच्या विषयपत्रिकेत हा विषय यायचा तर सरपंचांना लेखी पत्र सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जायला हवं, महिला सभा त्याच्या आधी. वही, झेरॉक्स आणि फोनचा खर्च ग्रामपंचायतीच्या महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून मागता येईल.

पाडा_ते_पंचायत

मसुद्यात मुकादमांची यादी वेगळ्या पानावर ठेवा, कुटुंबांच्या पानांमागे नको. एकच मुकादम चार पाड्यांवर फिरतो. शेजारच्या गावांनी ते पान आपसांत महिन्याला मिळवून पाहिलं तर कोणाकडची माणसं परतली नाहीत ते एकाच बैठकीत कळेल.